संस्थात्मक दातृत्व

गरजूच्या हाती थेट मदत न देता शाळा, वसतिगृह, ग्रंथालय, कायदेविषयक मदत केंद्र अशा संस्था उभ्या राहाव्यात आणि टिकाव्यात म्हणून दात्याने दिलेले भांडवल वा अनुदान. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात घरोघरी पोचलेली ब्लँकेटे हे दान. त्याचे मोल कमी नाही, पण ते त्या आठवड्यापुरते असते.

कोल्हापूरकराला हा फरक दसरा चौकात उभे राहिले तरी कळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना आधार दिला. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर रात्री पाठ कुठे टेकणार आणि जेवणार कुठे, हा प्रश्न आधी सोडवला गेला. जैन बोर्डिंगमध्ये काही काळ राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. दात्याने न आखलेले असे पुढचे काम हेच या प्रकारच्या दातृत्वाचे खरे फळ मानावे लागते.

जागतिक पातळीवर याचे सर्वांत चर्चेतले उदाहरण जॉर्ज सोरोस यांचे. १९३० साली बुडापेस्टमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले सोरोस नाझी अंमलातून वाचले, लंडनला शिकले आणि न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक व्यवसायात धनाढ्य झाले. १९७९ मध्ये त्यांनी वर्णभेदाच्या काळातील दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. १९८४ मध्ये हंगेरीत प्रतिष्ठान काढले, आणि तिथे त्यांनी दिलेली एक साधी वस्तू फार मोलाची ठरली : झेरॉक्स मशीन. एखादा मजकूर किती जणांपर्यंत जाईल हे जिथे सरकार ठरवत होते, तिथे ग्रंथालयांत आणि विद्यापीठांत ही यंत्रे पोचली आणि कागदाची प्रत काढायला परवानगी मागण्याची गरज कमी झाली. २०१७ मध्ये त्यांनी आपल्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सकडे सुमारे १८ अब्ज डॉलर वळवल्याचे जाहीर झाले.

आक्षेपही गंभीर आहेत. १९९२ मध्ये ब्रिटिश पौंड घसरेल या अंदाजावर सोरोस यांच्या फंडाने सुमारे एक अब्ज डॉलर कमावले. चलनाच्या सट्ट्यातून आलेल्या पैशाने लोकशाही घडवावी का, आणि न निवडलेल्या धनिकाने दुसऱ्या देशाच्या सार्वजनिक जीवनात किती हात घालावा, हे प्रश्न रास्तच आहेत. रशियाने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाला ‘अवांछित’ ठरवले, तर २०१८ मध्ये संस्थेने बुडापेस्टचे कार्यालय बर्लिनला हलवले. भारतात २०१६ पासून त्यांच्या अनुदानांना गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. मात्र सोरोस यांच्यावरील टीकेचा काही भाग ज्यूद्वेषातून येतो. तो या प्रश्नांपासून वेगळा काढलाच पाहिजे.

परदेशी देणगीचे नियमन भारतात १९७६ पासून कायद्याने होते. सध्याचा कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी कोल्हापूरच्या संस्थेसाठी असली तरी ती आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. व्यवस्थापन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने दुसरीला हा पैसा देण्यास बंदी झाली, आणि याचा फटका तालुक्यातल्या छोट्या मंडळांना सर्वाधिक बसतो. मोठ्या शहरातल्या संस्थेमार्फत येणारा हप्ता त्यांना बंद झाला. स्वतः नोंदणी करायची तर तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये खर्च दाखवावा लागतो. चंदगडच्या एखाद्या वाडीत दोन कार्यकर्ते आणि एका खोलीवर चालणाऱ्या अभ्यासिकेचा खर्च तेवढा होतच नाही.