पापणी कापली की नजर जाते?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत अजून ऐकू येतं, "लेकराची पापणी पडली तं राहू दे, मोठं झालं की उघडते. कापलं तं नजर जाईन." दोन्ही चूक.

जन्मतः पडलेली पापणी बहुधा आपोआप वर येत नाही, कारण ती उचलणारा स्नायूच कमजोर असतो. लेकरू हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून बघतं. बाहुली झाकलेलीच राहिली तर तो डोळा 'आळशी' होतो, म्हणजे मेंदू त्या डोळ्यानं नीट बघायला शिकतच नाही. नजर जाते ती अशी, थांबल्यानं.

ऑपरेशन पापणीवर होतं, डोळ्याच्या आत नाही. स्नायूत थोडा जीव असेल तर तो आखूड करून शिवतात. जवळजवळ नसेलच तर मांडीतल्या पडद्याची पट्टी किंवा सिलिकॉनचा दोरा घालून पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात; भुवई उचलली की पापणी वर. झोपेत डोळा जरा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम. एवढा त्रास आहे, लपवायचं कशाला.

जमिनीवर झोपलेल्या धडधाकट माणसाच्या पापण्या पहाटे अचानक गळाल्या, तर गोष्टच वेगळी. मण्यार चावल्याची शंका घ्या. खूण दिसो न दिसो, मांत्रिक सोडून थेट सरकारी दवाखाना.