कस्टम आणि निर्यात नियंत्रण: अभियंत्यांनी करू नये अशी गल्लत

अभियांत्रिकीचे निकाल लागले की सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखानदाराची मुलगी किंवा मुलगा वडिलांना घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे येतो, आणि शब्दांत थोडाफार फरक असला तरी प्रश्न एकच असतो: सरकारच्या संरक्षण निर्यात नियंत्रणात अभियंत्यांना वाव आहे असे ऐकले आहे, तर त्यासाठी कस्टमची परीक्षा द्यायची ना? वडील पिशवीतून शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद, काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "सर, आमचा माल महिन्यातून दोनदा न्हावाशेवा बंदरात जातो, कस्टम आम्हाला पाठ आहे." कस्टम त्यांना खरोखरच पाठ असते आणि घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो, कारण जे पाठ आहे त्याच्याच मापाने ते दुसरी गोष्ट मोजू लागतात.

कस्टमबद्दल सोलापूरकरांना मी फार सांगण्याची गरज नाही. आयईसी हा निर्यातदाराचा क्रमांक, शिपिंग बिल, एजंट, शुल्कपरतावा आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, हे इथल्या यंत्रमागवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. सुती टेरी टॉवेल म्हटला की ६३०२६० हा आकडा कारकून झोपेतही सांगेल. माल कशाचा आहे, किती आहे, त्यावर किती शुल्क किंवा सवलत लागू होते आणि कागदावर लिहिलेलेच पेटीत आहे का, हे पाहणे कस्टमचे काम. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणत नाही, पण त्याला निर्यात नियंत्रण म्हणणे मला मान्य नाही.

निर्यात नियंत्रणाचा आधार असलेली यादी वेगळी आहे. आपल्याकडे तिला 'स्कोमेट' म्हणतात. विशेष रसायने, जीव, सामग्री, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, प्रसिद्ध करते. तिच्यामागे १९९२ चा विदेश व्यापार कायदा आहे, आणि महासंहारक शस्त्रांचा प्रसार रोखणारा २००५ चा कायदाही आहे. अशा निर्यातीवर एकत्र लक्ष ठेवणाऱ्या देशांचे गट आहेत. त्यांपैकी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत भारत २०१६ मध्ये, शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या वस्तू पाहणाऱ्या वासेनार व्यवस्थेत डिसेंबर २०१७ मध्ये आणि रासायनिक व जैविक शस्त्रांशी संबंधित ऑस्ट्रेलिया गटात जानेवारी २०१८ मध्ये सामील झाला. त्यामुळे आपली यादी या गटांच्या याद्यांशी जुळती ठेवावी लागते. एवढी माहिती कोणत्याही मार्गदर्शन वर्गात मिळते. जे मिळत नाही, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

एचएस कोड वस्तूचे नाव विचारतो, तर स्कोमेट वस्तूची क्षमता विचारते. हे वाक्य ऐकून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्याच दिवशी "या मालाचा स्कोमेट कोड एचएसमधून कसा काढायचा?" असे विचारतात. म्हणून उदाहरणे आपल्याच जिल्ह्यातली घेऊ.

सोलापूर परिसरात अमाइन वर्गातली रसायने बनतात. एचएसच्या २९२१११ या एकाच उपशीर्षकाखाली मिथाइलअमाइन, डायमिथाइलअमाइन आणि ट्रायमिथाइलअमाइन ही तिन्ही येतात. कस्टमच्या दृष्टीने ही तीन सख्खी भावंडे आहेत आणि तिघांचा पत्ता एकच. ऑस्ट्रेलिया गटाच्या रासायनिक पूर्वद्रव्यांच्या यादीत मात्र यांतले फक्त डायमिथाइलअमाइन आहे, कारण औषधांच्या आणि विद्रावकांच्या कारखान्यांत रोज लागणारे हे रसायन रासायनिक शस्त्रांच्या साखळीतही कामाला येऊ शकते. म्हणजे शिपिंग बिलावरचा आकडा कितीही वेळा तपासला, तरी हा फरक त्या आकड्यात सापडणार नाही. तो रेणूत आहे आणि तो पाहायला रसायनशास्त्र यावे लागते.

दुसरे उदाहरण यंत्राचे. संगणकनियंत्रित आडव्या लेथचा एचएस कोड ८४५८११. होटगी रोडवरच्या छोट्या वर्कशॉपमधला जुना लेथ आणि क्षेपणास्त्राचे भाग कातणारा अतिअचूक लेथ, दोघांनाही तोच. वासेनारची यादी त्या लेथला नावाने ओळखत नाही. ती विचारते की एकाच वेळी समन्वयाने चालणारे अक्ष किती आहेत, आणि हत्यार पुन्हा पुन्हा एकाच दिशेने त्याच बिंदूवर आणले असता त्याच्या जागेत फरक किती पडतो. एक मीटरपेक्षा कमी प्रवास असलेल्या अक्षावर हा फरक ०.९ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असेल, तर लेथ यादीत येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, पण तो कोणत्या मानकाने मोजला, सरासरीचा आहे की एकाच यंत्राचा, सॉफ्टवेअरने दुरुस्ती करण्यापूर्वीचा की नंतरचा, हे विचारणारा माणूस मशीन टूलच्या प्रयोगशाळेत उभा राहिलेला असावा लागतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. सोलापुरात ओतलेले कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींमध्ये बसतात आणि त्यांच्या निर्यातीत नियंत्रणाचा प्रश्न येत नाही. तोच धातू आणि तीच भट्टी, पण कॅमशाफ्ट रणगाड्याच्या इंजिनासाठी खास रचलेला असेल, तर तो युद्धसामग्रीच्या यादीत, म्हणजे स्कोमेटच्या सहाव्या प्रवर्गात जाऊ शकतो. इथे सगळे वजन 'खास रचलेला' या दोन शब्दांवर आहे. रचना लष्करी गरजेतून झाली, की नागरी वापरातला भाग सैन्याने जसाच्या तसा उचलला? याचे उत्तर ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सवर, उष्मोपचारावर आणि त्या भागाच्या जन्मकथेवर अवलंबून असते.

ड्रॉइंगचा विषय निघालाच आहे, तर एक स्वानुभव सांगतो. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तिथे निर्यातीचे कागद इतके चोख असत की तपासणीत कधी एक शंका निघाली नाही. त्याच कारखान्यातून एका परदेशी ग्राहकाला त्याने मागितले म्हणून उष्मोपचाराची संपूर्ण तांत्रिक कागदपत्रे ईमेलने पाठवली गेली आणि आपण निर्यात केली आहे हे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे माझ्या लक्षात आल्यावर तो भाग यादीत बसत नाही हे तपासण्यात माझे तीन आठवडे गेले. तो बसत नव्हता, पण हे आधी तपासायला हवे होते. यादीतल्या वस्तूचे तंत्रज्ञान ईमेलने पाठवणे ही कायद्याने निर्यातच आहे आणि ती कोणत्याही बंदरावरून जात नाही. कस्टमचा अधिकारी कितीही दक्ष असला, तरी ती त्याच्या हाती लागणे कठीण.

आता नोकरीकडे येतो, कारण वरचा फरक कळला की नोकऱ्यांचे कोडे बरेचसे सुटते. परवाना देणारे कार्यालय आणि तांत्रिक मत देणारा शास्त्रज्ञ या दोन वेगळ्या जागा आहेत. अणुविषयक शून्यावा प्रवर्ग अणुऊर्जा विभागाकडे, सहावा प्रवर्ग संरक्षण उत्पादन विभागाकडे आणि उरलेले बहुतेक डीजीएफटीकडे अशी परवान्यांची वाटणी आहे. डीजीएफटीत बसणारे अधिकारी प्रामुख्याने भारतीय व्यापार सेवेचे असतात आणि ही सेवा नागरी सेवा परीक्षेतून मिळते, जिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. अर्ज गुंतागुंतीचा असेल तर तो आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. तिथे परराष्ट्र मंत्रालय ग्राहकाच्या देशाबद्दल बोलते, तर डीआरडीओ (संरक्षण संशोधन आणि विकास संघटना), अंतराळ विभाग आणि अणुऊर्जा विभाग यांची माणसे वस्तूबद्दल. कोणाला विकायचे, कुठे आणि कशासाठी, हा निर्णय धोरणाचा आहे. वस्तू मुळात काय करू शकते, हा अभियंत्याचा प्रश्न आहे आणि संरक्षण निर्यात नियंत्रणातली अभियंत्याची जागा तिथेच आहे.

म्हणूनच 'निर्यात नियंत्रण अभियंता' अशी जाहिरात शोधणाऱ्यांचा वेळ वाया जातो. वाट आडवळणाची आहे. गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या परीक्षेचे गुण आणि मुलाखतीतून डीआरडीओत 'शास्त्रज्ञ ब' या सुरुवातीच्या पदावर जायचे, किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राचे वर्षभराचे प्रशिक्षण घ्यायचे, किंवा अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून संरक्षण वैमानिकी गुणवत्ता सेवेत जायचे, मग धातू, स्फोटके, जायरोस्कोप, इन्फ्रारेड संवेदक यांपैकी एका विषयात दहा वर्षे मुरायचे. त्यानंतर कधीतरी एखाद्या परवान्याच्या अर्जावर मत मागणारी फाइल टेबलावर येते. सोलापूरकरांसाठी सोय इतकीच की हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला उतरले की डीआरडीओच्या शस्त्रास्त्रांच्या आणि उच्च ऊर्जा पदार्थांच्या प्रयोगशाळा तिथेच आहेत. विज्ञान शाखेच्या पदवीधरांना कस्टमचेही एक दार आहे, ते म्हणजे महसूल प्रयोगशाळांतले रासायनिक परीक्षकाचे पद. तिथे नमुन्याचे पृथक्करण करावे लागते. काम नेटके असते, पण तिथले बहुतेक प्रश्न शुल्काच्या अंगाने येतात.

बाकीचे फरक पालक फार विचारतात, म्हणून उरकून टाकतो. कस्टमचे वरिष्ठ अधिकारी जिच्यातून येतात ती भारतीय महसूल सेवा आणि 'शास्त्रज्ञ ब' दोन्ही सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, ५६,१०० रुपये मूळ वेतनावर सुरू होतात. कस्टमचा निरीक्षक सातव्या स्तरावर. कस्टममध्ये गणवेश आहे, प्रयोगशाळेत नाही. बदल्या दोन्हीकडे आहेत.

माझा राग मात्र एका गोष्टीवर आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परदेशी नियमांची प्रमाणपत्रे विकणारे वर्ग मुलांना 'आयटार' शिकवतात आणि पालकांना वाटते की आता सरकारी दार उघडले. आयटार हा अमेरिकेचा नियम आहे. अमेरिकी मूळ असलेली संरक्षण सामग्री किंवा तिची ड्रॉइंग हाताळणाऱ्या इथल्या खासगी कारखान्याला तो लागू होतो आणि तिथल्या अनुपालन विभागात त्याचे ज्ञान उपयोगी पडते, हे खरे. पण अमेरिकेत संरक्षण खात्याच्या 'डीटीएसए' या संस्थेत १९८५ पासून अभियंते थेट परवान्यांची छाननी करतात, म्हणून आपल्याकडेही तशी थेट भरती असेल असे मानणे म्हणजे शेजारच्या घराची किल्ली आपल्या कुलपाला लावून पाहणे. आपल्या शासनात हे प्रमाणपत्र कोणी विचारणार नाही. विचारतील ते गेटचे गुण आणि विषयाची समज. संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर गेली आहे, त्यामुळे फायली वाढणारच, आणि त्या वाचून मत देऊ शकणारी माणसे लागणारच.

गेल्या जूनमध्ये आलेल्या एका मेकॅनिकलच्या मुलीला मी स्कोमेटचा आठवा प्रवर्ग, म्हणजे वासेनारच्या यादीशी जुळणारा भाग, छापून दिला आणि त्यातले यंत्रांचे पान वाचून यायला सांगितले. पंधरा दिवसांनी ती एकटीच आली. तिचा प्रश्न एवढाच होता की तो ०.९ मायक्रॉन मोजताना खोलीचे तापमान किती धरायचे. मी म्हटले, मानकाप्रमाणे २० अंश सेल्सिअस, आणि आपल्या मे महिन्यात ते राखायला काय लागते याचा विचार कर. मग तिला गेटचा अर्ज भरायला सांगितले.