आकडे फारच छान आले की संशय घ्यायला हवा

शास्त्रीय जर्नलमध्ये संशोधनाचा पेपर छापून आला म्हणजे कोणीतरी तो तपासला असणार असं आपण धरूनच चालतो. तपासलेला असतोही, पण पीअर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय होतं? तर त्याच विषयातले दोन-तीन जाणकार स्वतःची कामं सांभाळून, बहुतेक वेळा फुकटात, पेपर वाचतात, पद्धत बरोबर वाटते का, निष्कर्ष पटतो का ते बघतात. प्रयोग खरंच झाला का, पेशंट खरंच होते का हे ते बघत नाहीत आणि बघायचं म्हटलं तरी हातात लेखकानेच दिलेला मजकूर नि तक्ते असतात. खोटं बोलणाऱ्याला एवढी फट पुरते. नोकरी, बढती, फंडिंग सगळं पेपरच्या संख्येवर चालतं म्हणून आता पैसे घेऊन पेपर लिहून देणाऱ्या आणि लेखकांच्या यादीतली जागा विकणाऱ्या ‘पेपर मिल्स’ पण आहेत. 2023 मध्ये जगभरात 10,000 पेक्षा जास्त पेपर मागे घ्यावे लागले आणि त्यातले 8,000 च्या वर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते, जे वायली या मोठ्या प्रकाशन कंपनीने 2021 मध्ये विकत घेतलं होतं.

यातली काही लबाडी वरवर बघूनही कळते. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा आणि चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला कळू नये म्हणून शब्द बदलणाऱ्या टूलमधून काढायचा, मग ते टूल पक्के तांत्रिक शब्द पण बदलून टाकतं. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ होतं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’. त्या विषयातला कुठलाही माणूस असं लिहिणार नाही. संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हे समोर आणलं आणि आता असे शब्द शोधत लाखो पेपर चाळणारा प्रोग्रॅमच आहे. फोटोंचं पण तसंच. एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी 20,621 पेपरमधली चित्रं अक्षरशः डोळ्यांनी तपासली, 2016 मध्ये निकाल छापला, 3.8 टक्के पेपरमध्ये गडबड होती, म्हणजे तोच फोटो दुसऱ्या प्रयोगाचा म्हणून वापरलेला, कधी फिरवून, कधी कापून. त्यातल्या निम्म्या तरी पेपरमध्ये ती मुद्दाम केलेली वाटत होती.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती आकड्यांवरून होणारी पकड, कारण त्याला शाळेतलं गणित पुरतं. समजा 25 जणांना 1 ते 7 मध्ये मार्क द्यायला सांगितले आणि पेपरमध्ये सरासरी छापली 3.47. आता प्रत्येकाचा मार्क पूर्णांक आहे, म्हणजे बेरीजही पूर्णांकच येणार. बेरीज 86 असेल तर सरासरी 3.44, 87 असेल तर 3.48, मधलं काही येऊच शकत नाही. म्हणजे 3.47 हा आकडा अशक्य आहे! टायपिंगची चूक असेल, कोणीतरी उत्तर दिलं नसेल, किंवा आकडा मनानेच लिहिला असेल, पण लेखकाला विचारायला हवं एवढं नक्की. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या संशोधकांची ही ‘ग्रिम टेस्ट’. मानसशास्त्रातल्या ज्या 71 पेपरवर त्यांना ती लावता आली त्यातल्या साधारण निम्म्या पेपरमध्ये निदान एक तरी सरासरी बसत नव्हती.

औषधांच्या ट्रायलमध्ये याच्याही पुढे जाता येतं. पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले की दोन्ही गटांचं वय, वजन, उंची थोडी इकडे-तिकडे होणारच, आणि किती होणार याचं गणित मांडता येतं. आकडे बनवणारा माणूस मात्र बऱ्याचदा ते जास्तच सारखे ठेवतो, खऱ्या योगायोगाइतका वेडावाकडेपणा माणसाला मनाने जमत नाही. जपानचे भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांच्याबद्दल 2000 मध्येच पीटर क्रँके आणि सहकाऱ्यांनी एका जर्नलला पत्र लिहून सांगितलं होतं की यांचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, वेगवेगळ्या औषधांच्या गटांत डोकेदुखी होणाऱ्यांची संख्या पण पेपरमागून पेपर तीच. काहीच झालं नाही. 2012 मध्ये जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञाने फुजींच्या 168 ट्रायल्सचं गणित करून दाखवलं तेव्हा कुठे चक्रं हलली, आणि चौकशीत 172 पेपर बनावट निघाले. मधली 12 वर्षं हे पेपर ऑपरेशननंतरच्या उलट्या थांबवायला कुठलं औषध द्यायचं याच्या चर्चेत वापरले जात होते, याचा मला अजूनही राग येतो.

आणि कार्लाइलचं पुढचं काम तर प्रत्येक संपादकाने भिंतीवर लावावं असं आहे. 2017 ते 2020 मध्ये ते संपादक असलेल्या ‘अनेस्थेशिया’ या जर्नलकडे छापायला आलेल्या 526 ट्रायल्स त्यांनी तपासल्या. 373 ट्रायल्सच्या बाबतीत नुसता पेपर हातात होता, त्यात त्यांना 2 टक्के ठिकाणी खोटा डेटा सापडला. उरलेल्या 153 मध्ये प्रत्येक पेशंटची वेगळी नोंद असलेली मूळ फाइल मिळाली होती, तिथे 44 टक्के! आता फाइल सगळ्यांकडून सरसकट मागितली नव्हती, काहींकडून संशयापोटीच मागितली, त्यामुळे नुसता 2 आणि 44 चा हिशोब लावणं बरोबर नाही, पण फाइल उघडल्यावर काय दिसतं ते बघा. एका पेशंटच्या ओळी खाली दुसऱ्याच्या नावाने कॉपी-पेस्ट केलेल्या, रकानेच्या रकाने परत आलेले, शरीरात शक्यच नाहीत असे आकडे. नीटनेटक्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही, तिथे फक्त सरासरी असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, माणसांवरच्या ट्रायलचा पेपर छापण्याआधी मूळ फाइल मागायलाच हवी, संशय असो नसो, सगळ्यांकडून. पेशंटच्या गोपनीयतेचं कारण सांगितलं जातं, ते खरं आहे, पण नाव-पत्ता काढून, फक्त तपासणाऱ्यालाच बघता येईल अशी व्यवस्था करून ते जमतं. सध्या ही तपासणी करणारे बरेच लोक रात्री घरी बसून, पगाराशिवाय आणि कधी कोर्टाच्या धमक्या झेलत करतात, आणि छापण्याची फी मात्र प्रकाशक घेतात. त्या फीमधून आकडेवारी तपासणारा माणूस पगारावर ठेवायला काय हरकत आहे?