“आईसाठी व्हीलचेअर टाका” एवढंच सांगू नका
दिव्यांग, वृद्ध आणि आजारी प्रवाशांच्या घरच्यांसाठी आमच्या ट्रॅव्हल ऑफिसचं माहितीपत्रक

तिकीट काढून झालं, पैसे भरून झाले, आणि उठता उठता ग्राहक म्हणतात, “आणि हो, आईसाठी व्हीलचेअर टाका.” आम्ही टाकतो. पण तेवढ्या वाक्यातून विमान कंपनीला फारसं काही कळत नाही. आई पाय दुखतात म्हणून लांब चालू शकत नाहीत, की त्यांना पायरीच चढता येत नाही, की खुर्चीवरून उठवून बसवावं लागतं? तिन्ही वेळा लागणारी मदत वेगळी, माणसं वेगळी, यंत्रं वेगळी. म्हणून हे पत्रक.

तीन प्रकारच्या व्हीलचेअर

बुकिंगमध्ये चार अक्षरांचा एक कोड पडतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी शिडी चढू शकतो, विमानात चालू शकतो, फक्त टर्मिनलमधलं लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे शिडी चढता येत नाही, पण विमानात शिरल्यावर आपल्या सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. फरक शेवटच्या अक्षरात आहे: आर म्हणजे रॅम्प, एस म्हणजे स्टेप्स, सी म्हणजे केबिन.

ही चूक एकदा आमच्याच हातून झाली आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या एका काकूंसाठी आम्ही सवयीने ‘आर’ टाकलं. जाताना मोठा विमानतळ होता, एरोब्रिजमधून, म्हणजे टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतच्या बंद पुलावरून, त्या थेट दारात पोचल्या. येताना विमानतळ छोटा, एरोब्रिज नाही. खुर्ची शिडीच्या पायथ्याशी थांबली आणि मदतनीस म्हणाला, “चला मावशी, वर.” काकू शिडीकडे बघत राहिल्या. माणसाला खुर्चीसकट उचलून विमानाच्या दाराशी नेणारी गाडी, म्हणजे अँब्युलिफ्ट, कुणी मागवलीच नव्हती. शेवटी दोघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. लागलं-खुपलं काही नाही, पण घरी पोचल्यावर त्यांचा आम्हाला फोन आला: “पोत्यासारखं नेलं रे मला.”

तेव्हापासून आम्ही विचारतो: एक जिना कुणी न धरता चढता येतो का? घरात बाथरूमपर्यंत स्वतः जाता येतं का? खुर्चीतून उठून शेजारच्या खुर्चीत बसता येतं का? उत्तर देताना चांगल्या दिवसाचं देऊ नका. गुडघा सुजतो त्या दिवसाचं द्या. आणि हा प्रश्न मुलाने नाही, ज्यांना जायचं आहे त्यांनीच सोडवलेला बरा. मुलगा म्हणतो “आई चालते”, आई हळूच मान हलवते.

किती आधी सांगायचं

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत प्रवाशाने किमान 48 तास आधी कळवावं अशी अपेक्षा आहे. युरोपातही हीच मुदत आहे. आयत्या वेळी सांगितलं तरी मदत मिळू शकते, पण मग उपलब्धतेवर भागवावं लागतं. अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे ज्यांना खुर्ची लागते त्यांच्याकडून तिचे पैसे घेता येत नाहीत. मदतनिसाला टिप द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न. तो मागत असेल तर निःसंकोच नाही म्हणा.

उतरल्यावरचंही सांगून ठेवतो. खुर्चीवाले प्रवासी विमानातून बहुतेक वेळा शेवटी उतरतात, आणि खुर्ची यायला वेळ लागू शकतो. अशा वेळी “जाऊ दे, चालतच जाऊ” म्हणू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई विमानतळावर एका वृद्ध जोडप्याला एकच खुर्ची मिळाली. त्यात पत्नी बसल्या आणि 80 वर्षांचे गृहस्थ बरोबर चालत निघाले. ते इमिग्रेशनपाशी कोसळले आणि त्यांचं निधन झालं. डीजीसीएने त्या विमान कंपनीला 30 लाख रुपये दंड केला. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला हवं तर फोन करून सांगा, पण बसून राहा. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये तीन तास असतील असंच तिकीट आम्ही सुचवतो. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळतं म्हणून हट्ट करू नका.

अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांबद्दल जरा स्पष्टच

बाबा रोज सकाळी टेकडी चढतात, पण इंग्रजी येत नाही आणि टर्मिनलमध्ये हरवायची भीती वाटते, म्हणून व्हीलचेअर मागितली जाते. भीती खरी आहे, आम्ही हसत नाही. पण तशी खुर्ची घेतली की खरोखर गरज असलेल्या कुणाला तरी ताटकळावं लागतं. बऱ्याच कंपन्यांकडे यासाठी ‘मीट अँड असिस्ट’ ही वेगळी सोय असते. माणूस बरोबर येतो, काउंटर आणि गेट दाखवतो, खुर्ची नसते. काही ठिकाणी तिचे पैसे पडतात. एका कागदावर इंग्रजीत मुलाचा पत्ता, फोन आणि “मला कुठे जायचं आहे” एवढं लिहून खिशात ठेवलं तरी निम्मी भीती जाते. तो कागद आम्ही छापून देतो.

उलट, गुडघे बदललेत, दम लागतो आणि तरी “लोक काय म्हणतील” म्हणून खुर्ची नको म्हणणारेही येतात. त्यांना आम्ही मुंबईच्या टी-टूमधलं चेक-इन ते गेट हे अंतर सांगतो. बहुतेकांचं मन तिथेच वळतं.

स्वतःची खुर्ची नेताना

साधी हाताची खुर्ची सोपी. ती विमानाच्या दारापर्यंत वापरून तिथे देता येते, मात्र “दारातच परत हवी” असं टॅगवर लिहून घ्या, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर निघते. गादी, निघणारे पायठेवे आणि हातातली पिशवी आपल्याबरोबर केबिनमध्ये घ्या. विमानाच्या पोटात, सामानाबरोबर गेलेली गादी हरवली तर सगळ्यात आधी पाठीला कळतं.

बॅटरीची खुर्ची असेल तर आम्हाला लेबलचा फोटो पाठवा. खरं काम तिथेच आहे. लिथियम बॅटरीचे वॅट-तास काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करायचं. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-तास म्हणजे 288. काढता येणारी एक बॅटरी असेल तर मर्यादा 300 वॅट-तास, दोन असतील तर प्रत्येकी 160. त्या काढून, टोकं झाकून, केबिनमध्येच न्यायच्या. 24 व्होल्ट, 20 अँपिअर-तासाची बॅटरी 480 होते, म्हणजे ती काढून हातात नेण्याच्या मर्यादेत बसत नाही. न निघणाऱ्या बॅटरीचे आणि जेल बॅटरीचे नियम वेगळे. काहीही असलं तरी कंपनीची परवानगी आधी लागते, आणि ती लेखी घ्यायची.

खुर्ची ताब्यात देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. जॉयस्टिकला जाड फडकं गुंडाळा. एक कागद चिकटवा: “गिअर असा सोडा, इथे धरून उचला, इथे धरू नका.” सामान चढवणाऱ्याला तुमची खुर्ची कशी चालते ते माहीत नसतं. तो जॉयस्टिकला धरून उचलतो, मग ती मोडते.

मोडलीच तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करा. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे सामानाच्या नुकसानीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत द्यावी लागते, आणि भरपाईला मर्यादा असते: 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये. चार लाखांच्या खुर्चीला ते पुरत नाहीत. म्हणून चेक-इनच्या वेळी खुर्चीची किंमत जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय त्या करारात आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांत मात्र कंपनीला खुर्चीची मूळ किंमत भरून द्यावी लागते.

उंचीवर शरीराचं काय होतं

विमान कितीही उंच उडो, केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीसारखा असतो. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर, म्हणजे सुमारे 5,400 फूट. तेव्हा तुम्ही सीटवर बसल्या बसल्या कळसूबाईपेक्षा वर असता. निरोगी माणसाला जाणवतही नाही. दम्याचा जुना रुग्ण, फुप्फुसाचा आजार, अलीकडचा हृदयविकाराचा झटका, हिमोग्लोबिन फार कमी असलेले, यांना जाणवतं.

दुसरी गोष्ट: तिथे अडकलेला वायू फुगतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच उडू नका म्हणतात ते याचसाठी. रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा फुगा सोडला असेल तर डॉक्टर “फुगा गेला” म्हणेपर्यंत विमान बंदच. दृष्टी जाऊ शकते. आमच्याकडे एकदा ग्राहक ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्याच दिवशी परतीचं तिकीट काढायला आले होते. हातावर दवाखान्याचा पट्टा होता, “या रुग्णाने विमानप्रवास करू नये” असं त्यावर छापलं होतं, आणि त्यांनी तो वाचलाच नव्हता. आम्ही त्यांना रेल्वेचं तिकीट काढून दिलं.

नवं प्लास्टर असेल तर पहिले 48 तास ते लांबीने चिरून घ्यायला सांगतात, कारण आतल्या हवेमुळे आणि सुजेमुळे ते आवळतं. पोटावरची किंवा लघवीची पिशवी उड्डाणाआधी रिकामी करून घ्या.

आजार ताजा असेल, ऑक्सिजन लागणार असेल किंवा स्ट्रेचर असेल तर ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. तो कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडे जातो आणि ते हो-नाही सांगतात. “डॉक्टरांचं पत्र आहे की” एवढ्याने दर वेळी भागत नाही. स्ट्रेचरसाठी अनेक सीटची जागा लागते आणि भाडंही तसंच पडतं, हे आधीच ऐकून घ्या.

घरचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येईल असं धरून चालू नका. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारा, बॅटरीवर चालणारा पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर मंजूर मॉडेलचा असेल तर चालतो. त्याच्या बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळेला पुरतील इतक्या ठेवा, आणि विमानाला उशीर होतोच हे गृहीत धरा.

औषधं

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर नक्कीच, कारण खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वाया जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांची 100 मिलीची अट औषधांना सहसा लागू करत नाहीत, पण चिठ्ठी बरोबर हवी. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव आणि रुग्णाचं पासपोर्टवरचं नाव असावं. इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर अंगावर असेल तर स्कॅनरमध्ये जाण्याआधी सांगा आणि हाताने तपासणी मागा. पेसमेकरवाल्यांनी कार्ड जवळ ठेवावं. कृत्रिम पाय, ब्रेस, पिशवी यांची तपासणी आडोशाला करा, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुबई, अबुधाबीला जाताना जास्त काळजी घ्या. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन यांसाठी तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. आणि औषधांच्या पिशवीशेजारीच लेकीसाठी फराळाचा डबा असतो म्हणून सांगतो: अनारशांवरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. अनारसे इथेच खाऊन जा.

विमानातले लोक काय करतात, काय नाही

केबिन क्रू तुम्हाला शौचालयाच्या दारापर्यंत मदत करेल, आत येणार नाही. भरवणं, औषध देणं, उचलून बसवणं हे त्यांचं काम नाही. ही मदत लागत असेल तर सोबत माणूस हवा. आपत्कालीन दाराजवळची सीट अशा प्रवाशांना मिळत नाही, हट्ट करून उपयोग नाही.

ऐकू येत नसेल तर तेही आम्हाला सांगा. गेट बदलल्याची घोषणा ऐकू न आल्याने विमान चुकतं. आत्ममग्न (ऑटिस्टिक) मुलांना सगळ्यांत आधी विमानात बसवायची पद्धत आहे, पण त्यामुळे मूल अरुंद जागेत अर्धा तास जास्त बसतं. काही पालक मुद्दाम शेवटी चढतात. तुमचं मूल तुम्हाला जास्त कळतं.

चढू दिलं नाही तर

मे 2022 मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, कंपनीला पाच लाखांचा दंड झाला, आणि त्यानंतर नियम बदलला. आता केवळ अपंगत्वाच्या कारणावरून नकार देता येत नाही. हवेत तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट मत द्यावं लागतं. म्हणून आवाज न चढवता म्हणा, “डॉक्टरांना बोलवा, आणि नकाराचं कारण लेखी द्या.” ड्यूटी मॅनेजरचं नाव लिहून घ्या. नंतर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. मसुदा आम्ही करून देतो.

पण बऱ्याचदा अडचण नियमात नसते. “सांगितलं तर चढू देणार नाहीत” म्हणून घरच्यांनी आजार लपवलेला असतो, आणि काउंटरवरच्या मुलीला अचानक निळे पडलेले ओठ दिसतात. तिनं काय करावं?

आमच्याकडे येताना

पत्रकाच्या शेवटच्या पानावरचा फॉर्म भरा. खुर्चीचा आणि बॅटरीच्या लेबलचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी चालेल. या कामाचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. कंपनीचं उत्तर आलं की त्याची छापील प्रत आम्ही देतो, ती तिकिटाबरोबर ठेवा. फोनमध्ये आहे म्हणून सोडू नका, काउंटरवर नेमकी बॅटरी संपते. रविवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा सोमवारी सकाळी उड्डाण असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं आमच्या हातात पाहिजे.