नवतपा (नागपूर)

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. साधारण 25 मे ते 2 जून असा हा काळ. नागपुरात हा शब्द पंचांगाबाहेर पडून रोजच्या बोलण्यात आला आहे. घराची रंगरंगोटी, गावची खेप, जुन्या गुडघेदुखीसाठी डॉक्टरकडे जाणे, सगळे ‘नवतपा जाऊ दे’ एवढ्यावर पुढे ढकलले जाते. चौकात दोघे भेटले की पहिले वाक्य ठरलेले : ‘काय तपून राह्यलं बे आज!’

हे नऊ दिवस वर्षातले सर्वांत तापलेले, या समजुतीला खगोलाचा आधार आहे. नागपूर सुमारे 21.15 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे 26 मेच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर दूर, वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि मॉन्सून अजून पंधरवडाभर लांब, अशी सगळी जुळणी याच दिवसांत होते. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, मध्येच सरी आल्या तर पावसाळा रडका, हा शेतकऱ्यांचा ठोकताळा मात्र हवामानशास्त्र मान्य करत नाही.

हवामान विभाग नऊ दिवस मोजत नाही, पारा मोजतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वर गेले, किंवा थेट 45 अंशांना पोहोचले, तर ती उष्णतेची लाट; 47 अंशांना तीव्र लाट. सोनेगाव विमानतळावरील वेधशाळेत 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली. तारीख पाहावी : नवतपा लागायला तेव्हा दोन दिवस बाकी होते. मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. संवेदक बिघडल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले, पण खुलासा आकड्याइतका फिरला नाही. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीचा पारा नागपूरच्या वर गेला की नागपूरकर थोडे हिरमुसतात, हेही इथे नोंदवायला हवे.

नवतप्याची खरी अडचण अशी की तो लोकांना सावध करतो, पण नऊच दिवसांपुरता. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिलमधली पहिली मोठी लाट मेअखेरच्या उन्हापेक्षाही दगा देऊ शकते. तेव्हा ना शरीर तयार असते, ना घरातला कूलर.

या कूलरविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शहराचा उन्हाळा त्याच्यावरच निभावतो. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने भिजणारे जाड पडदे), तळाशी पाणी, वर पाणी चढवणारा लहानसा पंप आणि आत पंखा. ताट्या लाकडाच्या बारीक तुसाच्या. हौस आणि ऐपत असेल तर वाळ्याच्या. मार्चच्या शेवटी जुन्या, क्षार धरून कडक झालेल्या ताट्या काढून नव्या बसवतात आणि पहिल्या दिवशी घरभर ओल्या लाकडाचा वास सुटतो. बाहेरची कोरडी हवा ताट्यांमधून आत येताना पाण्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा गार होते. मेमधल्या दुपारी हवेत आर्द्रता फार कमी असते, म्हणून ही साधी युक्ती इथे वातानुकूलन यंत्राच्या जवळपास काम देते आणि मुंबईत फसते. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. गारवा निसटेल म्हणून सगळे बंद केले तर ओल आतच साठते आणि तासाभरात अंग चिकचिकू लागते.

कूलरचे दोन धोके आहेत. एक विजेचा. ओल्या पेटीत प्रवाह उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात जीव जातात. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढणे, तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग, पायात चप्पल, यात आळस परवडत नाही. पाइप धरून पाणी भरायला बहुधा घरातली बाई किंवा पोर उभे असते, हे ध्यानात ठेवावे. दुसरा धोका डासांचा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासावी लागते.

बाहेर पडणाऱ्यांचा बंदोबस्त निराळा. दुपारी बारा ते चार घरात राहणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का उपाय. महाल, इतवारीच्या गल्ल्याही या वेळी ओस पडतात. निघावेच लागले तर पुरुषांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा. स्कूटीवरच्या मुली स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे अशा बंदोबस्तात की आईनेही ओळखू नये. खिशात कांदा ठेवण्याची रीत अजून आहे. कांदा खाल्ला तर थोडे पाणी पोटात जाते, खिशातला मात्र काहीच करत नाही. त्याच्या भरवशावर उन्हात जास्त वेळ काढला तर नुकसानच. कैरीचे पन्हे, मीठ-जिऱ्याचे ताक आणि ज्वारीची आंबील यांची गोष्ट वेगळी : पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघतात. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. तहानेची वाट पाहू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. घरचे मिश्रण लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढ्याने होते, चमचा चहाचा.

‘ऊन लागणे’ या एका शब्दप्रयोगात नागपूरकर मळमळीपासून उष्माघातापर्यंत सगळे बसवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. भोवळ, पेटके, डोकेदुखी असेल तर सावली, पाणी आणि विश्रांतीने बहुधा भागते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असते. अशा वेळी 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप संसर्गाचा नव्हे.

अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा राबवला. त्याच धर्तीवर नागपूर महानगरपालिकेनेही 2016 मध्ये तो हाती घेतला. प्याऊ (पाणपोया), दुपारी उघडी ठेवलेली उद्याने, रुग्णालयांत शीत कक्ष, चौकांत सिग्नलजवळ हिरव्या जाळ्या अशा सोयी त्यातून किंवा त्याच्या जोडीने आल्या. जाळीखाली मिनिटभर थांबणाऱ्याला बरे वाटते. सेंट्रिंगवर सळ्या बांधणारा मजूर किंवा हातगाडीवाला यांना मात्र मिनिटांची नव्हे, तासांची सावली लागते. कामाची वेळ सकाळी सहाला ओढणे हा त्यांच्यासाठी सर्वांत मोठा उपाय, आणि तो ठेकेदाराच्या हातात असतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना तर रात्रही सोडत नाही. दिवसभर तापलेले सिमेंट पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहते. गच्चीला पांढरा चुना लावल्याने फरक पडतो.

नवतपा संपला की लोक सैल होतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर पारा उतरतो, पण आर्द्रता वाढते. मग कूलरच्या ताट्यांतून पाणी उडत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही; 38 अंशांतही जीव घाबरा होतो. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात जूनच्या अखेरीकडे, ते याच उन्हामुळे. त्या सुमारास कूलरमधले पाणी ओतून टाकतात आणि पेटीवर प्लास्टिक बांधतात.