रेडमी ९ए आणि रेडमी १०ए : ग्रामीण विदर्भातील वापराच्या संदर्भात तुलना

रेडमी ९ए आणि रेडमी १०ए : शाओमी या चिनी कंपनीच्या रेडमी ‘ए’ मालिकेतील कमी किमतीचे दोन स्मार्टफोन. ९ए भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी आणि १०ए २० एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाला. क्रमांकानुसार दुसरा हा पहिल्याचा उत्तराधिकारी. पण दोघांचा प्रोसेसर, पडदा, बॅटरी, कॅमेरा आणि चार्जिंगची पिन एकच आहे. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर आणि वाढीव मेमरी हेच काय ते दोन मुख्य फरक. जाहिरातीत पहिल्या फरकाला मान मिळाला. विदर्भातील खेड्यांत मात्र दुसरा अधिक मोलाचा ठरतो, असे प्रस्तुत नोंदीत मानले आहे.

मालिकेचा आरंभ आणि पूर्वाधिकाऱ्याचा प्रश्न : ‘ए’ मालिका नेमकी कोणत्या फोनापासून मोजावी याबाबत एकवाक्यता नाही. नावाचा आधार घेतला तर आरंभ २०१५ मध्ये चीनमध्ये निघालेल्या रेडमी २एपर्यंत मागे नेता येतो. पण त्याचा लीडकोर बनावटीचा प्रोसेसर पुढे मालिकेत टिकला नाही, तो फोन भारतात विकला गेला नाही, आणि त्यानंतर ‘३ए’ असा फोनच आला नाही. त्यामुळे २०१६ च्या अखेरीस चीनमध्ये व मार्च २०१७ मध्ये भारतात आलेल्या रेडमी ४एला मूळ पुरुष मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतात ४एची किंमत ५,९९९ रुपये होती. २०१७ च्या अखेरीस आलेला ५ए ‘देश का स्मार्टफोन’ या घोषणेसह ४,९९९ रुपयांपासून विकला गेला. ६ए (२०१८), ७ए आणि ८ए (दोन्ही २०१९) अशी पुढची वंशावळ सरळ लागते.

गुंता ८ए आणि ९ए यांच्यामध्ये आहे. सप्टेंबर २०१९ च्या ८एमध्ये स्नॅपड्रॅगन ४३९ प्रोसेसर, ५,००० एमएएच बॅटरी, टाइप-सी पिन आणि १८ वॅटपर्यंतच्या जलद चार्जिंगची सोय होती. त्याची किंमत ६,४९९ रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच किमतीत ८ए ड्युअल आला. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी आलेल्या ९एने बॅटरी तेवढीच ठेवली आणि पडदा ६.२२ इंचांवरून ६.५३ इंचांवर नेला. पण पिन जुन्या मायक्रो-यूएसबीवर परत आणली आणि चार्जिंग १० वॅटवर आणले. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल १२ वरून १३ झाले, तरी भिंगाचे छिद्र एफ/१.८ वरून एफ/२.२ असे बारीक झाले (आकडा मोठा तितके छिद्र लहान). छिद्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ८एच्या भिंगातून सुमारे दीडपट प्रकाश आत जातो. दिवेलागणीनंतर गोठ्यात काढलेल्या फोटोत हा फरक डोळ्यांना दिसतो, मेगापिक्सेलचा दिसत नाही.

यामुळे काही तुलनाकार १०एचा खरा पूर्वाधिकारी ८एच मानतात आणि ९एला मधली तडजोड समजतात. दुसरा पक्ष प्रोसेसरच्या सातत्यावर बोट ठेवतो : ९ए आणि १०ए या दोन्हींत मीडियाटेक हीलिओ जी२५ आहे, म्हणून जोडी त्यांचीच. वंशावळीचा निकाल दुसऱ्या पक्षाच्या बाजूने लागतो. गावातल्या घरात मात्र पूर्वाधिकारी म्हणजे आजवर हातात असलेला फोन. तो एक-दोन पिढ्या वगळूनच बदलला जातो, म्हणून ५ए किंवा ६ए वापरणाऱ्याला ९ए आणि १०ए यांत निवड करताना दोन्ही सारखेच नवे वाटतात. नोंदीतील पुढील विवेचन ९ए–१०ए या जोडीपुरते असले तरी हे ध्यानात ठेवणे इष्ट.

किंमत : ९एची जाहीर किंमत २ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) व ३२ जीबी साठवणीसाठी ६,७९९ रुपये आणि ३ जीबी–३२ जीबीसाठी ७,४९९ रुपये होती. १०ए ३ जीबी–३२ जीबीमध्ये ८,४९९ रुपयांना, तर ४ जीबी–६४ जीबीमध्ये ९,४९९ रुपयांना आला. म्हणजे तेवढ्याच मेमरीसाठी दीड-पावणेदोन वर्षांत हजार रुपये वाढले. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता. पण तो ९एच्या किमतीतही धरलेला असल्याने ही वाढ त्यामुळे नाही. २०२१ मधील चिपटंचाईकडे तिचा रोख दाखवला जातो, ते बरोबर दिसते.

वऱ्हाडात किंमत रुपयांपेक्षा कापसाच्या क्विंटलात मोजली तर चित्र उलटे दिसते. २०२०-२१ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,८२५ रुपये होता. त्या दराने ३ जीबीचा ९ए घ्यायला सव्वा क्विंटलाहून थोडा अधिक कापूस मोडावा लागे. १०ए आला तेव्हा, एप्रिल २०२२ मध्ये, हमीभाव ६,०२५ रुपये असला तरी खुल्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्यामुळे ज्याच्या घरात त्या महिन्यापर्यंत कापूस शिल्लक होता, त्याला महाग झालेला फोन एका क्विंटलाच्या आत मिळाला. अर्थात बहुतेक लहान शेतकऱ्यांचा माल उधारी फेडण्यासाठी दिवाळी ते संक्रांतीदरम्यानच विकला गेलेला असतो. चढ्या भावाचा फायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ठशाचा सेन्सर : ४ए ते ९ए यांपैकी एकाही फोनात ठसा वाचण्याची सोय नव्हती. १०एमध्ये ती पाठीमागे, तर्जनी सहज टेकेल अशा जागी आहे. हा सेन्सर विद्युत-धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालतो. बोटावरच्या उंच रेघा पृष्ठभागाला टेकतात आणि मधल्या चरांत हवा राहते. दोन्ही ठिकाणची धारकता वेगळी भरते आणि त्या फरकातून ठशाचे चित्र तयार होते. साहजिकच रेघ पृष्ठभागाला नीट टेकली पाहिजे आणि चर कोरडी हवी.

कापूस वेचणाऱ्या हाताला या दोन्ही अटी जड जातात. पऱ्हाटीवरचे (कपाशीच्या झाडावरचे) बोंड उकलले की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी कडक होतात. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी कापूस खेचून काढताना ती टोके नखांच्या कडांना आणि बोटांच्या शेवटच्या पेरांना ओरबाडतात. दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचे चालतात. त्याच काळात थंडीने कातडी कोरडी पडून भेगा रुंद होतात. नेमक्या याच पेरांवर फोन ठसा शोधत असतो. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात अडचण उलटी आहे : भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत बोटे दिवसभर चिखलपाण्यात राहून पांढरी व सुरकुतलेली होतात. ओलाव्यामुळे रेघ आणि चर यांतला धारकतेचा फरक पुसट होतो. नंतर मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्यांची बोटे पुन्हा खरबरीत होतात.

सेन्सर का नाकारतो याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एका मते रेघाच झिजून जातात; दुसऱ्या मते रेघा शाबूत असतात, पण कोरडेपणा, भेगा किंवा ओल यांमुळे त्या वाचता येत नाहीत. ठशाची मूळ रचना त्वचेच्या आतल्या थरात असते आणि वरचा थर झिजला तरी ती पुन्हा तशीच उमटते, ही वैद्यकातील जुनी प्रस्थापित गोष्ट आहे. हंगाम सरल्यावर तोच फोन त्याच बोटाने उघडू लागतो, हेही दुसऱ्या मताला पोषक आहे. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. पण भर दुसऱ्यावर देणे योग्य. व्यवहारात यावर उपाय सोपा आहे. वेचणीत कमी राबणारे बोट, म्हणजे डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका, नोंदवून ठेवावे; एकाहून अधिक बोटे नोंदवता येतात. फोन उघडण्याची आकडी पिन तर लागतेच, कारण फोन बंद करून सुरू केला की आधी तीच मागितली जाते.

फोनमधला ठसा आणि आधारचा ठसा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा न उमटल्याने धान्यासाठी परत यावे लागलेल्या माणसाला, विशेषतः म्हाताऱ्या बायांना, आता फोनवरच अंगठा लागेल अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. आधारच्या ठशाची पडताळणी आधार प्राधिकरणाने मान्य केलेल्या नोंदणीकृत यंत्रावरच होते. फोनातला ठसा फोनाच्या सुरक्षित कप्प्याबाहेर जात नाही. याला खरा पर्याय कॅमेऱ्याने दिला. पीएम-किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी (ओळखीची पडताळणी) करता येऊ लागली, आणि त्यासाठी ठशाचा सेन्सर असण्याची गरज नाही.

मेमरी व साठवण : ९ए आला तेव्हा शाळा बंद होत्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपवरून येत होता, म्हणून २ जीबीचा फोन बऱ्याच घरांत आधी मुलांसाठी घेतला गेला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तोच फोन सातबाऱ्याशी जोडला गेला. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जायचे, आणि त्यावरून पीकपेऱ्याची नोंद व्हायची, अशी ही पद्धत. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देताना हीच नोंद आधाराला घेतली गेली. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली.

अशा कामात २ जीबी रॅमचा फोन अडतो. ३२ जीबीतला मोठा वाटा यंत्रणा आणि आधीच भरलेली ॲपे घेतात. उरलेल्या जागेत सुप्रभातची चित्रे, लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास साठतो. मग शेतात कॅमेरा उघडला की मागचे ॲप बंद पडते, किंवा जागा नसल्याने फोटोच साठत नाही. याहून वाईट म्हणजे जागा करण्यासाठी कुणीतरी ॲपचा ‘डेटा साफ’ करते आणि फोनात राहिलेली, वर न चढलेली माहिती कायमची जाते. पंचनाम्याच्या वेळी ती नोंद सापडत नाही, तेव्हा नुकसान हजारांत असते. १०एची ४ जीबी–६४ जीबी आवृत्ती या बाबतीत ९एपेक्षा निःसंशय उजवी आहे. तिच्यातील आणि ३ जीबीच्या १०एतील किमतीचा हजार रुपयांचा फरक हा या तुलनेतला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय. ३ जीबीचा १०ए मात्र ३ जीबीच्या ९एपेक्षा फारसा पुढे नाही. साठवणीतली १ जीबीपर्यंत जागा रॅम म्हणून वापरण्याची सोय त्यात आहे, पण ईएमएमसी जातीची साठवण रॅमच्या मानाने फार मंद असल्याने तिचा लाभ मर्यादित राहतो. मेमरी कार्डासाठी दोन्ही फोनांत वेगळी खाच आहे. दोन सिम ठेवूनही कार्ड घालता येते. फोटो व व्हिडिओ कार्डावर हलवले तर ९एसुद्धा पुष्कळ दिवस काम देतो.

बॅटरी, चार्जिंग आणि ऊन : दोन्हींची बॅटरी ५,००० एमएएच, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. १० वॅटच्या चार्जरने ती पूर्ण भरायला हिशेबाने दोन तास आणि प्रत्यक्षात तीनच्या आसपास लागतात. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखायला जागलीवर जाणाऱ्याला रात्रभर टॉर्च व फोन पुरतो, हे या मालिकेचे मोठे बलस्थान. त्यात ९ए व १०ए यांत डावेउजवे नाही. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने दिवसा किंवा रात्री येत असल्याने शेतातल्या खोलीत चार्जिंग त्याच वेळेत उरकावे लागते, आणि तेथे ८एची गेलेली जलद चार्जिंग जाणवते. उलट, घरातले जुने मायक्रो-यूएसबी चार्जर दोन्ही फोनांना चालतात.

कंपनीच्या पुस्तिकेत या फोनांसाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा दिलेली असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत तो त्याहून वर असतो. लिथियम-आयन बॅटरीची झीज उष्णतेने वाढते, विशेषतः ती पूर्ण भरलेली असताना. उन्हाळ्यात फोन पहाटे चार्ज करणे आणि दुपारी सावलीत ठेवणे दोन्ही फोनांना सारखेच लागू.

नेटवर्क : दोन्ही फोन ४जीपुरते आहेत. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे १०एनंतर, सुरू झाली. धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट आणि भामरागड-एटापल्लीचा भाग येथे प्रश्न टॉवरचा आहे, फोनाचा नाही.

उत्तरकाल : जुलै २०२२ मध्ये १०ए स्पोर्ट ६ जीबी–१२८ जीबीमध्ये १०,९९९ रुपयांना आला. सप्टेंबर २०२२ च्या रेडमी ए१ने मालिकेचे क्रमांक नव्याने सुरू केले, किंमत ६,४९९ रुपयांवर आणली आणि ठशाचा सेन्सर काढून टाकला. पुढच्याच महिन्यात आलेल्या ए१ प्लसमध्ये तो परत दिला. ८एमध्ये असलेली टाइप-सी पिन या नव्या क्रमांकांत फेब्रुवारी २०२४ च्या ए३पासून पुन्हा आली.