'बायगॉन्स' कोणाशी बोलायचं, 'स्लीपिंग डॉग्ज' कोणाशी

'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' आणि 'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' या दोन इंग्रजी म्हणी. मुलांच्या वहीत दोन्हींपुढे एकच अर्थ दिसतो: जुनं उकरून काढू नये. मग एकीच्या जागी दुसरी जाते. पेपरात मार्क गेले तर चालेल एकवेळ, पण खऱ्या बोलण्यात ही अदलाबदल समोरच्याला चांगलीच झोंबते.

पहिली म्हण भांडलेल्या माणसांची. रावेरकडचे दोन चुलतभाऊ समजा. विहीर सामाईक, उन्हाळ्यात केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून वाजलं, एकाने रात्री जाऊन दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बंद केला. तेव्हापासून बोलणं नाही. पुढे हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, आणि ज्याची केळी पाण्यावाचून राहिली होती तोच म्हणतो, "जाऊ दे भो, झालं गेलं गंगेला मिळालं." हेच 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स'. भांडण दोघांना ठाऊक आहे, आता ते दोघांनी सोडायचं आहे. मात्र हे वाक्य ज्याला लागलं त्याच्या तोंडी शोभतं. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याने आधी 'सॉरी' म्हणावं. थेट 'बायगॉन्स' काढले तर तो अंग झटकतोय असंच वाटणार.

दुसरीत माफी कुठेच नाही. अमळनेरकडे पुण्याहून आलेला पुतण्या म्हणतो, शेताची सरकारी मोजणी मागवू. काका आवाज खाली आणून म्हणतात, "कशाला? मोजलं तर आपल्याकडेच दोन-तीन गुंठे जास्त भरतील. शेजारी गप्प आहे ना, राहू दे." काकांचं वागणं मला पटत नाही, ज्याची जमीन त्याला मिळायला हवी. पण 'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' नेमकं इथेच बसतं. भानगड मिटलेली नाही, नुसती झोपली आहे. जागी झाली तर चावेल. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीनेही झोपलेलं कुत्रं उठवू नये असंच लिहिलंय. मुळात ही भीतीची, सावधपणाची म्हण.

म्हणून ती आपल्या माणसाला सांगतात, प्रतिपक्षाला नाही. काका शेजाऱ्याला असं म्हणाले, तर तो विचारणारच, कसली भानगड? आणि भरताच्या पार्टीत चुलतभावाला म्हटलं, तर त्याला ऐकू येईल: मी विसरलो नाही, फक्त विषय काढत नाही.

लिहिताना 'लाय'च्या जागी 'ले' लिहू नका. इथे 'लाय' म्हणजे पडून राहणं, खोटं बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

'वॉटर अंडर द ब्रिज' या दोघींच्या जवळचं, पण त्यात विनंतीही नाही, इशाराही नाही. राग आधीच ओसरलाय एवढंच ते सांगतं. कोणी उशिरा माफी मागितली की उत्तर म्हणून ते छान बसतं.